वाचकपत्रांची शिस्त: मराठी वृत्तपत्रांतील पत्रव्यवहाराच्या नियमांचा इतिहास

मराठी दैनिकांत आणि साप्ताहिकांत वाचकांच्या पत्रांसाठी जे सदर राखून ठेवलेले असते, त्याच्या शेवटी बारीक टाइपात काही सूचना छापण्याची पद्धत फार जुनी आहे. पत्र थोडक्यात असावे, कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य लिहिलेले असावे, खाली लेखकाचे पूर्ण नाव व पत्ता असावा, नाव प्रसिद्ध होऊ नये अशी इच्छा असल्यास तसे कळवावे, पत्रात फेरफार करण्याचा किंवा ते न छापण्याचा अधिकार संपादकाकडे राहील, आणि पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, अशा आशयाच्या त्या सूचना असतात. कचेरीच्या सोयीसाठी केलेले किरकोळ नियम म्हणून त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते; परंतु त्यांतील एकेका नियमाचा माग काढीत गेल्यास तो एकोणिसाव्या शतकातील न्यायालये, जातिबहिष्काराचे तंटे आणि छापखान्यातील कामाची रीत यांपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि या नियमांनी मराठी सार्वजनिक चर्चेत कोणाला आवाज दिला व कोणाला ताटकळत ठेवले हेही त्यातून स्पष्ट होते.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू झाले तेव्हा त्याची एक बाजू इंग्रजीत आणि दुसरी मराठीत असे. पत्र सुरू होण्याआधी, नोव्हेंबर 1831 मध्ये, जे प्रकटन काढण्यात आले त्यात इंग्रजी विद्येच्या अभ्यासास उत्तेजन देणे आणि देशाच्या भरभराटीशी व तेथील लोकांच्या सुखाशी संबंध असलेल्या विषयांवर मोकळ्या, जाहीर चर्चेस जागा करून देणे हे हेतू सांगितले होते. जाहीर चर्चेची ही कल्पना त्या काळी नवीन होती. गावातील पार, देवळाचा सभामंडप किंवा जातीची पंचायत येथे चर्चा होतच असे, मात्र तेथे बोलणारा कोण आहे हे सर्वांना ठाऊक असे, त्याचे घराणे, वय आणि जात यांवरून त्याच्या शब्दाचे वजन ठरे, आणि मर्यादा सोडणाऱ्याला आवरणारे वडीलधारे समोरच बसलेले असत. छापील पत्रात यांतले काहीच नव्हते. लिहिणारा एका गावी, वाचणारा दुसऱ्या गावी, आणि दोघांच्या मध्ये ‘पत्रकर्ता’ म्हणून ओळखला जाणारा संपादक, अशी मांडणी झाल्यामुळे पूर्वी जे काम समोरासमोरच्या लाजेने व अदबीने होत असे ते काम आता कोणीतरी लिहून ठरवलेल्या नियमाने करणे भाग पडले.

वादाचे नियम मुळातच नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी दोन्ही पक्षांनी प्रमाणे देऊन केलेला तो ‘वाद’, केवळ जिंकण्यासाठी कपट व शब्दच्छल यांचाही आधार घेऊन केलेला तो ‘जल्प’, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडनच करीत राहणे ती ‘वितंडा’. संस्कृत पाठशाळांत तयार झालेल्या शास्त्र्यांना हे भेद पाठ होते, आणि आरंभीच्या मराठी पत्रकर्त्यांपैकी अनेक जण याच परंपरेतून इंग्रजी विद्येकडे वळलेले असल्यामुळे पूर्वपक्ष आधी नीट मांडून मगच त्याचे उत्तर द्यावे ही शिस्त त्यांच्या लेखनात उतरलेली दिसते. समोरासमोरच्या वादसभाही एकोणिसाव्या शतकात चालू होत्या. विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाद झाले आणि जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला. विधवाविवाह शास्त्रसंमत आहे की नाही याचा निर्णय करण्यासाठी 1870 साली पुण्यात शंकराचार्यांच्या समोर जी सभा भरली तिच्यात दोन्ही बाजूंचे पाच-पाच पंच नेमले होते, आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. पंच समसमान असावेत, ग्रंथप्रमाण कोणते धरायचे हे आधी ठरावे, निर्णय लेखी असावा, अशी या सभांची रीत होती. वृत्तपत्रातील वादाला मात्र पंच नव्हते आणि निकालाचा दिवसही नव्हता. तेथे वादाचे नियम करणारा, ते पाळले जातात की नाही हे पाहणारा आणि बहुधा एका पक्षाचा कैवारीही असणारा माणूस एकच होता, आणि पुढल्या सगळ्या अडचणी येथूनच सुरू झाल्या.

त्या काळच्या पत्रात वाचकांच्या पत्रांना आजच्यापेक्षा कितीतरी मोठे स्थान होते याचे कारण साधे होते. पत्रकर्त्यापाशी पगारी बातमीदार नसत, त्यामुळे मामलेदाराचा जुलूम, पाटबंधाऱ्याचे काम, यात्रेतील रोगराई किंवा एखाद्या शाळेची परीक्षा यांची बातमी कळायची तर ती त्या त्या गावच्या लिहिणाऱ्या माणसाच्या पत्रातूनच कळे. 1854 साली टपालाचा दर देशभर एकसारखा झाला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा पडू लागला, आणि 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. या दोन्ही घटनांनी दूरच्या तालुक्यातील शिक्षकाला व कारकुनाला पत्रकर्त्यापर्यंत पोहोचणे परवडू लागले. पत्रलेखक हा अशा रीतीने एकाच वेळी वाचक, बातमीदार आणि टीकाकार होता, म्हणून त्याच्या पत्रावर घातलेली मर्यादा ही खरे तर वर्तमानपत्राच्या मजकुराच्या मोठ्या भागावर घातलेली मर्यादा होती.

कागदाच्या एकाच बाजूस लिहिण्याचा आग्रह छापखान्यातून आला. हाताने खिळे जुळवण्याच्या पद्धतीत, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे एकेक करून ओळीत बसवण्याच्या पद्धतीत, हस्तलिखिताचे पाने-तुकडे करून ते निरनिराळ्या जुळाऱ्यांना वाटून दिले की अंक लवकर तयार होई. पाठपोट लिहिलेले पान असे वाटता येत नसे. सुवाच्य अक्षराची मागणीही याच कारणाने होती, कारण पुष्कळदा जुळाऱ्याला लेखातील विषयाची माहिती नसे आणि एखाद्या गावाचे वा माणसाचे नाव चुकीचे लागले तर त्यातून तंटा उभा राही. ‘स्थलाभावी’ हा शब्दही याच खोलीतला आहे. अंकाची पाने ठरलेली, पानावर मावणाऱ्या ओळी ठरलेल्या, तेव्हा लांब पत्र तोडावे लागे किंवा पुढच्या अंकावर ढकलावे लागे, आणि ते तोडण्याचा अधिकार आपला आहे हे पत्रकर्त्याला आधीच जाहीर करून ठेवणे सोयीचे पडे.

या यांत्रिक नियमांहून अधिक विचार करायला लावणारा नियम नावाचा आहे. भाऊ महाजन यांनी 24 ऑक्टोबर 1841 रोजी ‘प्रभाकर’ सुरू केला आणि 1848 ते 1850 या काळात त्याच साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रांची एक मालिका प्रसिद्ध झाली. गोपाळ हरी देशमुख यांची ही पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून पुढे ओळखली गेली, त्यांची संख्या 108 भरते, आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्यांना जे स्थान आहे ते पाहता एका अर्थाने आधुनिक मराठी निबंधाचा एक उगम वाचकपत्राच्या सदरात आहे असे निःसंकोच म्हणता येते. लिहिण्यास आरंभ केला तेव्हा देशमुख अवघे 25 वर्षांचे होते, सरकारी नोकरीत होते, आणि ज्या ब्राह्मण समाजात त्यांचा जन्म झाला होता त्याच समाजाच्या आळसावर, पाठांतराच्या विद्येवर, स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर ते अत्यंत परखडपणे लिहीत होते. नाव उघड छापले असते तर बहिष्काराची टांगती तलवार घराण्यावर राहिली असती. टोपणनावामुळे लेखकाची व्यक्ती बाजूला पडून मजकुराकडे लक्ष गेले, वाचकाला जात व हुद्दा पाहून मत बनवण्याची सवय थोडी आवरावी लागली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ एकच सही पुन्हा पुन्हा छापली गेल्यामुळे त्या सहीलाही एक सातत्य आणि जबाबदारी आली. निनावी पत्र आणि टोपणनावाचे पत्र यांत हा महत्त्वाचा फरक आहे: निनावी पत्राला मागचा-पुढचा संबंध नसतो, उलट टोपणनाव टिकवून धरणाऱ्याला काल लिहिलेल्याचे उत्तर आज द्यावेच लागते.

अहमदनगरला 1842 साली अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’ची भूमिका धर्मप्रसाराची होती आणि हिंदू धर्मावरील त्याच्या टीकेमुळे मराठी पत्रांत वर्षानुवर्षे खडाजंगी चालली. तरीही या इतिहासात ‘ज्ञानोदया’चे ऋण नोंदवणे आवश्यक आहे. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली दोन भागांत छापला गेला तो याच पत्रात. पुढे तीस वर्षांनी, 1885 साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना फुले यांनी लिहिलेले खरमरीत पत्रही ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. शूद्र-अतिशूद्रांच्या लेखनाला पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय पत्रांत सहजी जागा मिळत नसताना एका परधर्मीय संस्थेच्या पत्रात ती मिळाली, या वस्तुस्थितीवरून तत्कालीन पत्रकर्त्यांच्या ‘योग्य मजकूर’ या कसोटीची खरी रुंदी किती होती हे कळते. मजकूर योग्य असावा, भाषा सभ्य असावी, हा नियम वाचायला निरुपद्रवी वाटतो. पण योग्य काय आणि सभ्य काय हे ठरवणाऱ्याची जात व लिंग एकच असले म्हणजे तोच नियम अनेकांच्या तोंडावर कडी लावतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 1882 सालचे आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल 1881 साली शिक्षा झाली, त्यावर वृत्तपत्रांतून चर्चा उसळली, आणि ‘पुणे वैभव’ या पत्राने स्त्रियांच्या नीतीबद्दल जे लिहिले त्याने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली. ज्या मजकुराला उत्तर द्यायचे तो वृत्तपत्रातला, उत्तर देणारी त्याची वाचक, तेव्हा हे लेखन स्वभावाने वाचकपत्रच होते, परंतु ते निघाले स्वतंत्र पुस्तिका म्हणून: पुण्याच्या शिवाजी छापखान्यात, 500 प्रती, किंमत 9 आणे. त्या काळच्या कोणत्याही पत्राच्या सदरात ते उत्तर त्याच्या मूळ धारेसह छापले गेले असते असे मानायला आधार नाही. पुस्तिकेवर कडवट टीका झाली, फुले यांनी 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, आणि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे काही प्रसिद्ध झाले नाही. मराठी वाचकपत्राचा इतिहास लिहिताना छापल्या गेलेल्या पत्रांइतकेच अशा सदराबाहेर राहिलेल्या लेखनाला महत्त्व दिले पाहिजे, कारण नियमांची कुंपणे कोठून गेली होती हे बाहेर राहिलेल्यांवरूनच नेमके कळते.

1882 सालीच घडलेल्या कोल्हापूर प्रकरणाने मराठी पत्रकर्त्यांना एक वेगळा धडा दिला. जानेवारी 1881 मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे निघाली होती. पहिल्याचे संपादन बाळ गंगाधर टिळकांकडे आणि दुसऱ्याचे गोपाळ गणेश आगरकरांकडे होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे आणि त्याला संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे जबाबदार आहेत, असा समज त्या वेळी महाराष्ट्रात सर्वत्र पसरला होता, आणि बर्वे यांचा कट सिद्ध करणारी म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली. त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यांवर जाहीर आरोप केले, बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली तरी खटला थांबला नाही; 17 जुलै 1882 रोजी दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढून 26 ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तक लिहिले.

ही पत्रे वाचकांनी सदरासाठी पाठवलेली नव्हती, ती पुरावा म्हणून आणून दिलेली होती, हे खरे आहे. तरीही दुसऱ्याने दिलेला कागद छापणाऱ्याची जबाबदारी कोठपर्यंत जाते हा प्रश्न दोन्हींत समान आहे. 1862 पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या 499 व्या कलमात अब्रुनुकसानीची व्याख्या दिली होती आणि तिला अपवादही जोडले होते, परंतु पहिल्या अपवादाचा लाभ घ्यायचा तर छापलेली गोष्ट खरी असली पाहिजे आणि ती प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असले पाहिजे, अशा दोन्ही अटी एकदम पुऱ्या कराव्या लागत. हेतू शुद्ध होता, महाराजांवरील अन्यायाची चीड खरी होती, तरीही कागद खोटा निघाल्यावर त्या शुद्ध हेतूला न्यायालयात फारशी किंमत उरली नाही. पत्रलेखकाने छापण्यासाठी नसले तरी संपादकाच्या माहितीसाठी खरे नाव व पत्ता द्यावा, मूळ हस्तलिखित जपून ठेवावे, व्यक्तीवरील आरोपाला आधार मागावा, या नियमांमागे केवळ शिष्टाचार नसून तुरुंगाची शक्यता होती हे 1882 नंतर कोणाही मराठी संपादकाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्याआधी 1835 च्या कायद्याने आणि मग 1867 च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करणे आणि अंकावर आपली नावे छापणे सक्तीचे केलेच होते, त्यामुळे लिहिणारा अदृश्य राहिला तरी छापणारा कधीच अदृश्य राहू शकत नव्हता.

नाव झाकण्याची सवलत आणि नाव उघड करण्याचा आग्रह यांच्यातील ताण ऐंशी-नव्वदच्या दशकांत वारंवार दिसतो. लहानपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिलेल्या रखमाबाईंनी 1885 च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली. त्यांच्यावर नवऱ्याने दावा लावलेला होता, न्यायालयात त्यांच्याबद्दल इतर सर्व जण बोलत होते, आणि ज्या एका जागी त्या स्वतःच्या शब्दांत बोलू शकल्या ती जागा टोपणनावाच्या आडोशाने मिळाली. संपादकाने नावाच्या उघडपणाचा हट्ट धरला असता तर ही पत्रे छापलीच गेली नसती. उलट 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी जमवलेल्या मंडळींसमोर चहा ठेवण्यात आला आणि नंतर हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त झळकली, तेव्हा त्या छापील यादीने रानडे, टिळक, गोखले यांच्यासह कितीतरी जणांना ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या तंट्यात, ओढले. चहा घेणे हा गुन्हा नव्हता, कोणाची खोटी बदनामीही झाली नव्हती, कायद्याच्या दृष्टीने आक्षेप घ्यायला फारशी जागा नव्हती. तरीही खासगी बैठकीतील उपस्थितांची नावे जाहीर करणे योग्य होते काय, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. कायद्याने मुभा आहे म्हणून छापावे आणि नीतीने छापू नये, यांमधील हा पट्टा कोणत्याही लिखित नियमाने पूर्णपणे भरून काढता आलेला नाही.

संपादकाच्या जबाबदारीचा सर्वांत कठोर अर्थ 1897 साली लावला गेला. 15 जून 1897 च्या ‘केसरी’त पुण्यातील शिवराज्याभिषेक उत्सवाच्या भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही टोपणनावाने सही केलेली कविता प्रसिद्ध झाली. आठवड्याभराने पुण्यातील प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि 27 जुलैला टिळकांना अटक होऊन दंडसंहितेच्या 124 अ या कलमाखाली राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. ज्यूरीतील सहा जणांनी दोषी आणि तिघांनी निर्दोष ठरवल्यावर न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 14 सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली, तर मुद्रक केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. कवितेखाली दुसऱ्याची सही आहे किंवा वृत्तांतातील वाक्ये वक्त्यांची आहेत, या गोष्टींनी संपादकाचा बचाव झाला नाही. त्यामुळे ‘पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ या वाक्याची कायदेशीर ताकद किती मर्यादित आहे हे स्पष्ट झाले. ते वाक्य वाचकासाठी आहे, न्यायाधीशासाठी नाही. 1910 च्या छापखाना कायद्याने सरकारला जामीनकी मागण्याचा, म्हणजे छापखान्याकडून रोख रक्कम ठेवून घेऊन आक्षेपार्ह मजकूर आल्यास ती जप्त करण्याचा, अधिकार दिला तेव्हा वाचकाचे एखादे तिखट पत्र संपूर्ण छापखान्याच्या मुळावर येऊ शकत होते, आणि या काळात अनेक पत्रांची पत्रव्यवहाराची सदरे मवाळ झाली असतील तर त्याचा दोष केवळ संपादकांच्या भित्रेपणावर टाकता येत नाही. 1922 साली तो कायदा रद्द होताना 1867 च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापणे बंधनकारक झाले.

दरम्यान ज्यांना सदराबाहेर ठेवले गेले होते त्यांनी स्वतःची पत्रे काढण्याचा मार्ग धरला होता. कृष्णराव भालेकर यांनी 1877 साली ‘दीनबंधु’ काढले, मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केले, आणि 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ निघाले. ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. जाहिरातीलाही जागा नाही, मग पत्राला कोठून असणार, हे या प्रसंगावरून कोणालाही कळेल. पहिल्या अंकातच आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नाही अशी मांडणी केली, आणि 3 एप्रिल 1927 पासून निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी विरोधी पत्रांतील मजकूर नीट मांडून मग त्याचे सविस्तर खंडन करण्याची पद्धत ठेवली. पूर्वपक्षाला त्याचे पूर्ण म्हणणे मांडू द्यावे ही जुनी वादशिस्त, जिला शास्त्र्यांनी स्वतःपुरते राखून ठेवले होते, ती येथे शास्त्र्यांनी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या लेखणीत सर्वांत चोखपणे पाळली गेली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

वाचकाच्या पत्राला सर्वस्वी वेगळे वळण दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. जुलै 1927 ते नोव्हेंबर 1953 एवढा दीर्घ काळ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, संततिनियमन व लैंगिक आरोग्य या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरे दिली, आणि ज्या शंका माणसे घरात, वैद्याकडे किंवा मित्राजवळही काढीत नव्हती त्या शंका पत्रातून विचारल्या जाऊ लागल्या. येथे सभ्यतेची नेहमीची कसोटी उलटी झाली होती. इतर संपादक अश्लील वाटणारे शब्द गाळून पत्र छापत, कर्व्यांच्या दृष्टीने मात्र शरीराच्या अवयवांची व क्रियांची नावे आडपडद्याने घेणे हेच अज्ञानाचे मूळ होते; विचारणाऱ्याची ओळख राखावी आणि विषयाची राखू नये, असे त्यांचे धोरण होते. याच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याला ज्ञानाने उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही अशी बाजू मांडली, तरीही कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. खटल्यानंतरही मासिक आणि त्यातील उत्तरे थांबली नाहीत, एवढ्यावरून त्या दंडाचे मोल कर्व्यांनी काय मानले हे समजते. वाचकाशी केलेला करार संपादकाने किती दूरपर्यंत पाळावा याचे याहून मोठे उदाहरण मराठी नियतकालिकांत सापडणे अवघड आहे.

त्यानंतरचा इतिहास तुलनेने सरळ आहे. नानासाहेब परुळेकर यांनी 1932 साली ‘सकाळ’ सुरू केल्यावर दैनिकाचे लक्ष शहरातील सामान्य माणसाच्या रोजच्या अडचणींकडे वळले, 1948 साली निघालेल्या ‘लोकसत्ते’तील ‘लोकमानस’सारखी सदरे दीर्घकाळ टिकली, पगारी बातमीदारांची संख्या वाढत गेल्याने वाचकपत्राचे बातमी देण्याचे काम कमी होऊन मत देण्याचे काम मुख्य झाले, आणि त्याबरोबर पत्राची लांबी आखडत गेली. नियतकालिकांच्या कचेऱ्यांत परतीसाठी तिकीट लावलेले पाकीट जोडण्याची सूचना आणि नापसंत मजकुरावरचा ‘साभार परत’ हा शेरा रूढ होताच. पत्रलेखकाला नकार मिळाला तरी त्याचे श्रम पाहिले गेले आहेत एवढी दखल त्यातून मिळे, आणि ती देण्यासाठी कोणीतरी टपाल उघडून वाचत बसलेले असे, ही बाब लहान मानण्यासारखी नाही.

1867 चा कायदा स्वातंत्र्यानंतरही दुरुस्त्यांसह चालू राहिला, आणि त्यातील 7 व्या कलमामुळे अंकावर संपादक म्हणून ज्याचे नाव छापलेले असेल त्याच्याविरुद्ध तो मजकुराच्या निवडीस जबाबदार आहे असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयांना मिळत गेली. म्हणूनच मराठी दैनिकांच्या शेवटच्या पानावर, पार तळाशी, मुद्रक-प्रकाशकांच्या नावांच्या ओळीत एका संपादकाच्या नावापुढे ‘पीआरबी कायद्यानुसार वृत्तनिवडीची जबाबदारी’ अशा अर्थाची टीप दिली जात असे; ‘पीआरबी’ म्हणजे हाच 1867 चा कायदा. 2023 साली संसदेने नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा केला, मार्च 2024 पासून तो अमलात आला, आणि 157 वर्षे जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली; संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याची ती ओळ मात्र पानाच्या तळाशी पूर्वीसारखीच राहिली.